फ्रिजचा वरचा कप्पा

आमच्या मेडिकलच्या फ्रिजचा वरचा कप्पा आमचा नव्हता.

दुकान पैठण रोडला, जिथं चितेगाव-बिडकीनच्या जीपा भरतात तिथं होतं. गावाकडं उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा भरवसा नसे, आणि पुष्कळ घरांत फ्रिज नव्हतेच. ज्यांच्या घरात कुणाला इन्सुलिन चालू आहे, ती माणसं एका वेळी एकच बाटली घरी न्यायची. बाकीच्या आमच्याकडे ठेवून जायची. हे कुणी ठरवलं नव्हतं. कुणीतरी पहिल्यांदा विचारलं असेल आणि बाबांनी हो म्हटलं असेल. मी कॉलेजातून येऊन दुपारी काउंटरवर बसायला लागले तोवर तो कप्पा भरलेला होता. प्रत्येकाची प्लास्टिकची डबी, तिला रबर, रबराखाली चिठ्ठी. बाबा चिठ्ठीवर नाव लिहीत नसत. 'पाचोड, मास्तर.' 'बिडकीन, पानवाले.' 'चितेगाव, मुलगी.' लाईट गेली की फ्रिजपुरता इन्व्हर्टर चालू होई आणि आम्ही दोघं घामात बसत असू.

'चितेगाव, मुलगी' हिची आई डबी घ्यायला यायची. तिचं सासर मेंढरं राखणारं. सासरा अजून कळप घेऊन फिरायचा, नवरा मात्र चितेगावच्या एका कारखान्यात लागला होता. बाटली न्यायला ती थर्मास आणायची आणि थर्मासला घोंगडीचा ओला तुकडा गुंडाळलेला असायचा. जीपमध्ये बसेपर्यंत तो तुकडा ठिबकत राही आणि ड्रायव्हर तिला बोलत राही.

"काय घेऊन चाललीस बाई, मासळी का काय?"

"लेकीचा जीव घेऊन चालले. गाडी हाण तू."

लेक अकरा-बारा वर्षांची होती. शाळेला सुट्टी असली की ती बरोबर यायची. बाबा फ्रिज उघडायचे तेव्हा ती काउंटरच्या फळीखालून आत घुसून गार हवेत तोंड घालून उभी राहायची. "काका, माझ्या बाटलीला सर्दी झाली का बघते," म्हणायची. बाबा दार धरून उभे राहायचे. एरवी फ्रिजचं दार जरा जास्त उघडं राहिलं तर मला दोन शब्द ऐकावे लागत.

मी फारशी कुणाशी बोलत नसे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात आणि दुकानात मराठी, रस्त्यावर हिंदी, आणि या तिन्हींच्या मध्ये माझं बोलणं कुठंतरी अडकून पडायचं. गिऱ्हाइकांना ते चालत असे. औषध दिलं, सुटे दिले, झालं.

एका दिवाळीनंतर दुकानात एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्याची कंपनी औषध बनवत नव्हती आणि विकतही नव्हती. ती कारखाना आणि मेडिकल यांच्या मध्ये उभी होती. कारखान्यात कामगाराच्या पगारातून थोडी कपात व्हायची, त्याला एक कार्ड मिळायचं, ते कार्ड दाखवलं की मेडिकलवाल्यानं औषध द्यायचं, आणि पैसे मागाहून या कंपनीनं आपल्या दरानं मेडिकलवाल्याला चुकते करायचे. त्यासाठी मेडिकलवाल्यानं कंपनीशी करार करायचा. आमची निम्मी गिऱ्हाइकं पैठण रोडच्या कारखान्यांतली. करार केला नाही तर ती कार्ड घेऊन जिथं चालतं तिथं जाणार, हे त्यानं सांगितलं नाही. रस्त्यापलीकडच्या मेडिकलच्या काचेवर कंपनीचं स्टिकर लागलेलं होतं, तिकडं त्यानं एकदा पाहिलं फक्त.

औषधांची इंग्रजी नावं बाबांना पाठ होती, पण करारातलं इंग्रजी वेगळं. त्यांनी ते कागद माझ्याकडं सरकवले.

"एवढी फी भरली त्या शाळेची. आज वसूल होऊ दे. वाच."

मी वाचायला लागले. शब्द सगळे येत होते, वाक्य येत नव्हतं. एक वाक्य सुरू झालं की पानाच्या तळाशी संपायचं, आणि संपेपर्यंत सुरुवातीला काय होतं ते विसरायला व्हायचं. तो माणूस चहा पीत मोबाइल बघत बसला होता. मी हळू आवाजात बाबांना अर्थ सांगत होते. बहुतेक कलमांवर बाबा मान हलवत होते. दोन ठिकाणी त्यांनी मला थांबवलं.

एक कलम असं होतं, की जे औषध कायम घ्यावं लागतं ते दुकानातून सुरुवातीलाच काही वेळा मिळेल. त्यानंतर कंपनी स्वतःच्या गोदामातून ते पार्सलनं पाठवील आणि दुकानदारानं ते कार्डावर द्यायचं नाही.

दुसरं बोलण्याबद्दल होतं. कंपनीच्या सेवेबद्दल, दराबद्दल, पुरवठ्याबद्दल कार्डधारकाचं मत वाईट होईल असं काहीही दुकानदारानं किंवा दुकानातल्या माणसांनी कार्डधारकाला सांगायचं नाही. सांगितलं तर करार रद्द. करार संपल्यावरही काही काळ हे बंधन राहील.

"म्हणजे माझ्या गाळ्यात बसून मी काय बोलायचं, ते हे ठरवणार?" बाबांनी त्या माणसाला विचारलं.

"काका, ते स्टँडर्ड आहे. सगळ्यांना तेच."

"हे एवढं खोडून द्या. बाकी सगळं कबूल."

तो हसला. वाईट हसला नाही. "खोडायची सोयच नाही हो काका. वरून छापून येतं. मला माझी स्वतःची नोकरीची अट खोडता येत नाही, तुमची कुठून खोडू?"

बाबांनी सही केली. मी साक्षीदार म्हणून सही करू का विचारलं, तर त्या माणसानं साक्षीदाराची जागा कागदावर नाही असं सांगितलं.

हिवाळा चांगला गेला. कार्डवाले येत होते, खोकल्याचं औषध, पित्ताच्या गोळ्या घेऊन जात होते. 'चितेगाव, मुलगी'ला आधी साधं इन्सुलिन होतं. कार्ड आल्यावर डॉक्टरांनी बदलून भारीतलं लिहून दिलं, त्यानं पोरीची साखर बरीच ताब्यात आली. आई खूश होती. "कार्डामुळं मोठ्या लोकांचं औषध मिळालं बगा भाऊ," ती बाबांना म्हणायची. सुरुवातीचं आमच्याकडून गेलं. मग पार्सल सुरू झालं.

पार्सल चितेगावला कारखान्याच्या गेटवर यायचं. गेटवरच्या पत्र्याच्या खोलीत ते पडून राहायचं, कारण नवऱ्याची पाळी बदलती असायची आणि पाळी सुटल्याशिवाय ते त्याच्या हातात मिळत नसे. मग पुढं केव्हा जमेल तेव्हा आई ते घेऊन जीपनं आमच्याकडं यायची, वरच्या कप्प्यात ठेवायला. फेब्रुवारी संपत आला होता. तिनं पहिलं खोकं काउंटरवर ठेवलं तेव्हा बाबांनी त्याला हात लावला आणि हात तसाच ठेवला. मला वाटलं ते काहीतरी वाचत आहेत.

"बाई, हे कधी आलं?"

"गेटावर कवा आलं ठाव नाय. काल ह्यांनी घरी आणलं. का वो?"

"काही नाही," बाबा म्हणाले.

खोकं उघडलं. आत बर्फाची पिशवी होती, ती पाणी होऊन कोमट झाली होती. बाटल्या पाण्यासारख्या स्वच्छ दिसत होत्या. बाबांनी एक उजेडात धरली, आडवी केली, उभी केली. मग चिठ्ठी लिहून सगळ्या डबीत ठेवल्या आणि तिला न्यायची एक बाटली काढून दिली. मी बघत होते. ती बाटली त्यांनी तिच्या खोक्यातली दिली नाही. खालच्या कप्प्यातून, आमच्या विक्रीच्या मालातून दिली. तेच औषध, तेच बनवणारे, तसंच झाकण.

ती गेल्यावर मी विचारलं, "बाबा, ते खराब झालंय?"

"झालं असेल. नसेलही. तापलं की याचा जोर जातो, पण ते बघून दिसत नाही, हीच तर अडचण आहे. मोठ्या माणसाचं एक वेळ ठीक, त्याच्या सोबत गोळ्या असतात. या पोरीचं सगळं यावरच आहे."

"मग सांगा ना तिला."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. "तूच वाचून दाखवलंस ना मला?"

त्यांनी कंपनीच्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या मुलीनं पार्सल थंड राहील अशाच पद्धतीनं बांधलेलं असतं असं सांगितलं. बाबा म्हणाले, बांधलं असेल, पण पोचेपर्यंत गरम झालंय, मी हात लावून बघितलंय. ती म्हणाली, तुम्ही कार्डधारक आहात का? बाबा म्हणाले, मी मेडिकलवाला. मग ती म्हणाली, पार्सलबद्दल तक्रार कार्डधारकच करू शकतो. आणि कार्डधारकाला तक्रार करायला सांगणं बाबांना मना होतं. बाबांनी फोन ठेवला.

मग ते चालू राहिलं. आई यायची, बाबा फ्रिज उघडायचे, तिची डबी काढायचे, झाकण काढायचे, पाठ तिच्याकडं करून डबीतली बाटली खालच्या भाजीच्या खणात ठेवायचे आणि आपल्यातली तिच्या हातावर ठेवायचे. ते औषध स्वस्त नव्हतं. त्याबद्दल घरात कुणी काही बोललं नाही. माझ्या आईला बहुतेक माहीतच नव्हतं. बाबांना हातचलाखी जमत नव्हती, त्यांचे हात जाड होते, पण चितेगावची बाई तिकडं बघतच नसे. ती माझ्याशी बोलत असायची. खरं तर ती बोलायची आणि मी ऐकायचे.

"ताई, लगीन ठरलं का न्हाई तुजं? इंग्रजी बोलणारा पायजे का आमच्यासारखा चालंल?"

"मावशी..."

"आमच्यात लई हायेत. एक तर पाचशे मेंढरांचा धनी हाय. मेंढरं इंग्रजी बोलत नाय बरं का, आधीच सांगते."

बाबा फ्रिजमध्ये तोंड घालून हसायचे. पाठमोरे हसताना त्यांचे खांदे हलायचे.

खालच्या खणात ज्या बाटल्या जमल्या त्या बाबांनी टाकल्या नाहीत. मी म्हटलं, टाकून द्या, वापरायच्या नाहीत तर कशाला ठेवता. त्यांना ते पटेना. दुसऱ्याची वस्तू आहे, ठेवायला दिलेली. न विचारता फेकायची कशी? विचारायचं तर कारण सांगावं लागणार. म्हणून त्या तिथं पडून राहिल्या, तळाशी कंपनीचं बारीक स्टिकर असलेल्या, 'चितेगाव, मुलगी' अशी चिठ्ठी रबरात अडकवलेल्या. बाबांचा स्वभावच तो. आमच्या घरी अजून एका भाडेकरूची छत्री आहे. तो भाडेकरू माझ्या जन्माआधी गेला.

एप्रिलमध्ये कंपनीचा माणूस तपासणीला आला. तोच, इस्त्रीच्या शर्टाचा. बरोबर यादी नव्हती, मोबाइल होता. त्यानं बिलं पाहिली, स्टिकर कुठं लावलंय त्याचा फोटो काढला. मग फ्रिज उघडायला सांगितला. वरच्या कप्प्याबद्दल बाबांनी सगळं सांगितलं, की गावची माणसं ठेवून जातात, फार वर्षांची पद्धत आहे. तो म्हणाला, छान आहे काका. आणि त्यानं भाजीचा खण ओढला.

त्यानंतरचं बोलणं लहानच झालं.

"हा पार्सलचा माल आहे. तुमच्याकडं कसा?"

"तिनंच ठेवायला दिला."

"या तर मागच्या पार्सलमधल्या आहेत. एव्हाना संपायला पाहिजेत. पेशंट काय वापरतोय मग?"

"माझ्याकडचं दिलं मी."

"बिल?"

"बिल नाही. असंच दिलं."

"असंच?" त्यानं माझ्याकडं पाहिलं, जणू मी काही वेगळं सांगेन. "काका, एवढं महागाचं औषध असंच कोण देतं? आमचा माल ठेवून घेतला, तुमचा दिला. का?"

त्या 'का'चं उत्तर बाबांच्या तोंडात होतं. मला ते दिसत होतं. पार्सल तापून येतं, म्हणून. हे म्हटलं की कार्डधारकाच्या मालाबद्दल तुम्ही असं म्हणता, तिला काय सांगितलंत, हा पुढचा प्रश्न होता. ते नाही सांगितलं तर कंपनीचा माल दुसऱ्याला विकायला जमवला, असा अर्थ होत होता. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दुकानात एक गिऱ्हाईक डोकेदुखीची गोळी मागत उभं होतं, मी ती दिली.

"पोरगी लहान आहे," बाबा शेवटी म्हणाले.

त्या माणसानं मोबाइलवर काहीतरी लिहिलं. मी बाजूनं वाचलं. दुकानदारानं समाधानकारक खुलासा केला नाही, एवढंच होतं. जाताना तो अवघडून थांबला. "काका, मला माहीत आहे तुम्ही तसे नाही. पण मला जे दिसलं ते लिहावं लागतं."

नोटीस आली. खुलासा द्या, तोवर दुसऱ्या कुणाचाही माल फ्रिजमध्ये ठेवू नका. खुलासा मला लिहायचा होता, इंग्रजीत. मी खूप वेळा लिहिला. खरं लिहिलं की बाईलाही ते सांगितलं असणार, म्हणजे कलम मोडलं, असा अर्थ निघत होता आणि खोटं बाबा लिहू देत नव्हते. उरलं ते इतकं मोघम, की वाचणाऱ्याला आम्ही काहीतरी लपवतोय असंच वाटावं. तेच पाठवलं.

बाबा मला घेऊन शहरातल्या मेडिकलवाल्यांच्या संघटनेच्या एका जुन्या माणसाकडं गेले. गुलमंडीच्या बाजूला त्यांचं दुकान होतं. त्यांनी करार चाळला आणि मागं टेकले.

"हे बघ, औषध काय किमतीला विकायचं याला कायदा आहे. कुणी विकायचं याला आहे. गोळी कुठं ठेवायची, बिल कसं फाडायचं, सगळ्याला आहे. पण तू आणि कार्डवाल्यानं आपसात काय लिहून घ्यायचं, इसको कोई पूछनेवाला नहीं. सरकारच्या हिशेबानं तुम्ही दोघंही व्यापारी. दोघं शहाणे, दोघं बरोबरीचे. राजीखुशीनं सही केली."

"बरोबरीचे?" बाबा म्हणाले.

"कागदावर."

"मग कोर्ट?"

त्यांनी शेवटचं पान उलटून माझ्यापुढं धरलं आणि बोट ठेवलं. तंटा झाला तर तो कंपनीच्या शहरात चालेल, असं होतं. ते शहर दिल्लीच्या बाजूला होतं. "जा रेल्वेनं," ते म्हणाले आणि मग आम्हाला उसाचा रस पाजला. इकडच्या सरकारी ऑफिसातल्या औषध निरीक्षकांनाही बाबा भेटून आले. ते सज्जन होते. औषध बनावट असेल, मुदत संपलेली असेल तर मी लगेच येतो, म्हणाले. करार माझ्याकडं येत नाही.

मे महिना लागला आणि चितेगावची बाई नवं पार्सल घेऊन आली. बरोबर लेक होती, नव्या फ्रॉकमध्ये. कन्नडजवळच्या एका गावात तिचं माहेर होतं, तिथं भावाचं लग्न होतं, आणि त्या तशाच पुढं निघाल्या होत्या.

"एवढ्या ठिवून घ्या भाऊ, एक नेते."

"ठेवता येणार नाही बाई आता. वरून मनाई आलीय."

"कुणाची?"

"कंपनीची."

"मंग काय झालं. मटका हाय की माज्या आईकडं. मटक्यात ठिवते." ती अजिबात चिडली नाही. पोरगी काउंटरखालून आत आली होती, फ्रिज उघडायची वाट बघत.

बाबांनी खोक्यावर हात ठेवला. मग वळून खालच्या कप्प्यातून आपल्या दोन बाटल्या काढल्या आणि तिच्यापुढं ठेवल्या. "या आधी वापरा."

"ह्या कशाला वो? ह्यात हायेत की ढीगभर."

"असू द्या. या आधी वापरा, मग त्या."

"नाय वो भाऊ. तुमचं उगा नुकसान. फुकट घेऊन सवय लागंल आमाला." तिनं त्या परत सरकवल्या. "आन हे पार्सलवाले लई चांगले हायेत बरं का. आजवर एक डाव पोरीला काय झालं नाय ह्यांच्या औशिदानं. सोन्यासारकं हाय."

बाबांचं तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं. खुलासा गेला होता, उत्तर यायचं होतं, करार अजून चालू होता, आणि त्यांना अजून वाटत होतं की तो वाचेल.

"गार ठेवा," ते म्हणाले. "लई गार ठेवा. आणि पोरगी फार पाणी पाणी करायला लागली, तर तसंच दवाखान्यात न्या. लग्न असलं तरी."

"व्हय व्हय," ती म्हणाली. लेकीनं बंद फ्रिजच्या दारावर एक थाप मारली आणि त्या गेल्या. मी काउंटरवर होते. दोन बाटल्या माझ्यापुढं होत्या, त्यांच्यावर दव धरलं होतं. मी त्या पुसून परत आत ठेवल्या.

त्यानंतर काय झालं ते आम्हाला तिच्या नवऱ्याकडून कळलं. हळदीच्या दिवशी पोरगी पाणी मागत राहिली. उन्हाळा आहे, सगळेच पाणी मागतात. साखर वाढली असेल म्हणून आईनं इन्सुलिन जास्त दिलं, त्याच बाटलीतलं. दुसऱ्या दिवशी ती ओकायला लागली आणि मग श्वास जोरजोरात. कन्नडहून इकडं शहरात सरकारी दवाखान्यात आणली. बाबा ऐकल्या ऐकल्या गेले. मला दुकानात बसवलं. त्या दिवशी मी कुणाला काय औषध दिलं मला आठवत नाही, पण चुकीचं दिलं नसावं, कुणी परत आलं नाही.

पोरगी वाचली. तिला दवाखान्यातून सोडलं त्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं, करार रद्द झाल्याचं. खुलासा अपुरा होता. न बोलण्याचं बंधन पुढंही लागू राहील, ही आठवण शेवटी करून दिली होती. मी ते बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी ते घेतलं आणि घडी न करताच काउंटरच्या खणात ठेवलं.

पोरीची आई आली तेव्हा थर्मास नव्हता. तिच्या हातात पार्सलचं खोकं होतं. ती वाळली होती.

बाबांनी तिला स्टूल दिलं आणि सगळं सांगितलं. पार्सल तापून येतं, हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुला दर वेळी माझ्यातलं देत होतो. बोलायला बंदी होती, सही केली होती. कंपनीला केलेला फोन, शहरातल्या खेपा, यातलं काही काढून त्यांनी स्वतःची बाजू घेतली नाही, मला ते सगळं माहीत होतं म्हणून जाणवलं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे ते सोन्यासारकं औशीद तुमचं व्हतं."

"हो."

"मंग सांगितलं काहून नाय, भाऊ? मी काय पोलिसात जाणार व्हते व्हय? मी त्या पार्सलवाल्यांला देवावानी मानलं. तुमी मला भलं करून आंधळी केली."

ती स्टुलावरून पुढं सरकली.

"खुणेनं सांगायचं. डोळा मारायचा. काय बी करायचं. मी अडाणी हाय, भैरी नाय."

दुकानात एक गिऱ्हाईक आलं, आमच्याकडं पाहून परत गेलं. बाबांनी फ्रिज उघडला आणि आपल्या बाटल्या काढल्या. तिनं त्या घेतल्या नाहीत. ती म्हणाली, हे किती दिवस पुरवणार तुमी, आन मी किती दिवस घेऊ. विकत घ्यायची तर तिची ऐपत नव्हती. साध्या इन्सुलिनवर परत जायला डॉक्टर तयार नव्हते, भारीतल्यावर पोरगी सुधारली होती ना. नवऱ्यानं कारखान्यात जाऊन कार्ड बंद करा, पगारातली कपात थांबवा म्हणून सांगितलं होतं. तिथं म्हणाले, बाकी कुणाची तक्रार नाही, आणि कार्ड एकट्याचं बंद होत नाही. कंपनीच्या नंबरवरच्या मुलीनं तक्रार लिहून घेतली होती. पुढचं पार्सल पुन्हा गेटवरच आलं होतं. तेच हे खोकं.

तिनं त्यातली एक बाटली काढली आणि माझ्यापुढं धरली. बाबांपुढं नाही.

"ताई, तू शिकलेली हायेस. बग आन सांग. ही चांगली का खराब?"

मी बाटली घेतली. आता मला बोलायला काही हरकत नव्हती, म्हणजे होती, पण मी ते मनातून काढून टाकलं होतं. मी ती उजेडात धरली, बाबा धरायचे तशी. आडवी केली. पाणी होतं नुसतं, स्वच्छ. त्यातून रस्त्यापलीकडच्या मेडिकलचं स्टिकर उलटं दिसत होतं.

"बघून कळत नाही, मावशी," मी म्हटलं.

"मंग कशानं कळतं?"

मी बाबांकडं पाहिलं.

"पोरीला टोचल्यावर," मी म्हटलं.

तिनं बाटली माझ्या हातातून घेतली आणि खोक्यात परत ठेवली. मग बाबांना विचारलं, मटक्यात कशी ठेवायची ते नीट सांगा. बाबांनी सांगितलं. मोठ्या माठात लहान मडकं ठेवायचं, मध्ये वाळू भरायची, वाळू ओली ठेवायची, बाटली डबीत घालून लहान मडक्यात, वर ओलं फडकं, सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी. ते सांगताना त्यांचा आवाज पहिल्यासारखा झाला. तिनं मला ते पुन्हा सांगायला लावलं, मग स्वतः म्हणून दाखवलं. वाळू नदीची का बांधकामाची, तेही विचारलं.

"जीपा भरत्यात तिथं कुंभार बसतो, तिथनं घेते," ती म्हणाली. आमच्या दोन बाटल्या तिनं शेवटी घेतल्या. त्या पदराच्या एका टोकाला बांधल्या आणि पार्सलचं खोकं काखेत धरलं. "ह्या सरल्यावर मंग त्या," ती म्हणाली, बाबांचंच वाक्य.

बाबा तिच्याबरोबर कुंभारापर्यंत गेले. मी दुकानातून बघत होते. दोघं वाकून माठ वाजवून बघत होते, एक ठेवत होते, दुसरा उचलत होते. मग जीप आली. मांडीवर माठ, माठात लहान मडकं, काखेत खोकं, अशी ती बसली. ड्रायव्हर काहीतरी बोलला असावा, पण या वेळी तिनं उत्तर दिलेलं मला दिसलं नाही.